शिष्यवृत्ती मिळते एकदा, टिकवावी लागते दरवर्षी

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायचंय ते कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीबद्दल. शिष्यवृत्तीचा अर्ज करावा लागतो, हे आता गावागावांत माहीत झालंय. मी त्याच्या पुढचं सांगणार आहे. पहिल्या वर्षी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी बंद का पडते? आणि ती पडू नये म्हणून घरातल्या बाईनं, बचत गटानं काय करायचं?

हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. शिष्यवृत्ती थांबली की आधी फीचा प्रश्न येतो. फीला पैसे नसले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "या वर्षी राहू दे घरी, पुढच्या वर्षी बघू." आणि घरी राहिलेल्या मुलीला स्थळ यायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. पोरगी हुशार असते, मार्क चांगले असतात, आणि शिक्षण अडतं ते एका दाखल्यावरून नाहीतर एका चुकलेल्या तारखेवरून. म्हणून हे नीट ऐका. जवळ वही असली तर लिहून घ्या.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ही मदत म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचं काम पाहत होते, आणि दलितांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारनं पैसा द्यावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला होता. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडलं. एवढ्या खटपटीनं आपल्या दारापर्यंत आलेली ही वाट आहे. तिच्यावर हक्कानं चालायचं, आणि हक्क टिकवायचा तर नियम माहीत पाहिजेत.

आज बहुतेक सगळ्या सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावं लागतं. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा आठ लाख. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या योजना वेगळ्या. प्रत्येकीची अट वेगळी आहे, त्यामुळं शेजारणीच्या मुलीला जे लागू झालं तेच आपल्या मुलीला लागू होईल असं धरून चालू नका.

आता शिष्यवृत्ती कुठं तुटते ते बघू. तुटायच्या पाच जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे नवा अर्जच न भरणं. "गेल्या वर्षी भरला होता की," असं पुष्कळ जणी म्हणतात. पण अर्ज दरवर्षी भरावा लागतो. दुसऱ्या वर्षापासून त्याला नूतनीकरण म्हणतात. निकाल लागला, पुढच्या वर्गात प्रवेश झाला, की मागच्या वर्षाची गुणपत्रिका लावून पुन्हा अर्ज करायचा.

इथं मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दलही सांगते, कारण त्यात मोठा गैरसमज आहे. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं माफ होतं. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. आणि मोफत म्हटलं म्हणून अर्ज सुटत नाही. महाडीबीटीचा अर्ज त्याही मुलीला दरवर्षी भरावा लागतो.

अर्ज भरला म्हणजे काम संपलं असंही नाही. तो आधी कॉलेजातल्या क्लार्ककडं जातो, मग प्राचार्यांकडं, मग त्या त्या खात्याकडं. मध्ये काही त्रुटी निघाली तर अर्ज परत पाठवला जातो. तो पोर्टलवर परत येऊन पडतो, मुलीला वाटतं भरलाय, आणि मुदत निघून जाते. म्हणून अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून तो कुठं आहे ते बघायचं. अर्जाची छापील प्रत, अर्जाचा क्रमांक, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड एका वहीत लिहून घरात ठेवायचे. नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर राहायचं नाही.

दुसरी जागा दाखल्यांची. त्यात सगळ्यात जास्त अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. हा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू केंद्रात नाहीतर आपले सरकार केंद्रात अर्ज करायचा. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांचा अहवाल लागतो. दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. बहुधा ती ३१ मार्चची तारीख असते. ती तारीख वाचायची सवय लावा. जूनजुलैत सेतूवर रांगा लागतात, सर्व्हर बंद पडतो. म्हणून नवं आर्थिक वर्ष लागलं, एप्रिल उजाडला, की दाखल्याला हात घाला.

उत्पन्न कुणाचं धरायचं, हेही समजून घ्या. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फक्त आईवडिलांचं उत्पन्न धरतात. मोठा भाऊ पुण्यात कंपनीत कामाला असला तरी त्याचा पगार त्यात येत नाही. नवरा वारला असेल तर आईच्या नावानं दाखला निघतो. अशा घरातल्या बायांनी काकाच्या नाहीतर दिराच्या नावाचा दाखला काढायला धावू नये.

जातीचा दाखला, रहिवासी दाखला, इतर मागासवर्गासाठी नॉन क्रिमीलेअर, हेही तपासून ठेवा. नॉन क्रिमीलेअरलाही मुदत असते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक शिक्षणाला राखीव जागेवर जायचं असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून मुलगी अकरावीबारावीत असतानाच अर्ज टाका.

आणि कागद सांभाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम भागात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी धान्य जातं, भांडी जातात, आणि पत्र्याच्या पेटीतले दाखलेही जातात. मोबाईलवर डिजिलॉकर नावाची सरकारी सोय आहे. आधार आणि गुणपत्रिका त्यात ठेवता येतात. बाकीच्या दाखल्यांचे फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा. अस्सल कागद प्लास्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा.

तिसरी जागा म्हणजे आधार, बँक आणि मोबाईल. लाडकी बहीण योजनेच्या वेळी आपण सगळ्याजणी बँकेत रांगा लावून आधार जोडून आलो. शिष्यवृत्तीचं तसंच आहे. पैसे खातेक्रमांक बघून येत नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात येतात. मुलीची तीन खाती असली तरी आधारवरून पैसे येतात ते एकाच खात्यात, शेवटी जोडलेल्या. कॉलेजच्या दारात कुणीतरी सिमकार्डाबरोबर नवं खातं उघडून देतो, मुलगी अंगठा लावते, आणि शिष्यवृत्ती तिकडं वळते. मग घरात "पैसे आलेच नाहीत" म्हणून रडारड. मुलींना सांगून ठेवा, अंगठा कशासाठी लावतोय ते विचारल्याशिवाय लावायचा नाही. आधारच्या वेबसाइटवर कोणती बँक जोडलेली आहे ते बघता येतं. वर्षातून एकदा तरी बघा.

शाळेत असताना लहान वयात उघडलेलं खातं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन मोठ्या माणसाचं करून घ्यावं लागतं. आणि खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होतं. शंभर रुपये का होईना, अधूनमधून भरा आणि काढा.

आता मोबाईल. पोर्टलवरचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतली किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, ते आपल्याला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती उन्हाळ्यातच परत येते. मुलीच्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो, आणि वडील फोन घेऊन कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतात. तिथं रेंज नाही, चार्जिंग नाही. इकडं मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून ओटीपीची वाट बघते. म्हणून टोळी निघण्याआधी दोन कामं करा. मुलीच्या आधारला, जो फोन तिच्याजवळ राहणार आहे त्याचा नंबर जोडा. आणि उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, आईवडिलांच्या सह्या मुलीच्या हातात देऊन जा.

आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नावही जुळतंय का ते बघा. एका अक्षराच्या फरकानं अर्ज अडतो.

चौथी जागा हजेरी आणि परीक्षेची. ही आपल्या हातात सगळ्यात जास्त आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. शाहू महाराज शिष्यवृत्तीत आधीच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी आणि सत्राच्या परीक्षेला बसणं बंधनकारक आहे. ७५ टक्के म्हणजे चार दिवसांतले तीन दिवस. समजा सत्रात कॉलेज ९० दिवस भरलं, तर सुट्टी घ्यायला २२ दिवस मिळाले. आता हिशोब करा. सोयाबीनच्या काढणीला दहा दिवस मुलीला घरी ठेवलं, मावशीच्या घरच्या लग्नाला चार दिवस, तापात पाच दिवस, आजीला दवाखान्यात न्यायला तीन दिवस. झाले २२. पुढं एकदा एसटी चुकली तरी ती काठाच्या खाली गेली. काढणीला मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे मलाही दिसतं. पण मुलीचे दहा दिवस फुकट नसतात. त्या दहा दिवसांची किंमत कधी कधी पूर्ण वर्षाची शिष्यवृत्ती असते. हे मुलीच्या वडिलांना आकड्यात सांगा. आकडा पटतो.

एसटीचा पास वेळेवर काढून द्या. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, पुढं कॉलेजच्या मुलींना सवलतीचा मासिक पास मिळतो.

नापास झालं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत पहिल्यांदा नापास झालं तर मदत मिळते. दुसऱ्यांदा नापास झालं की थांबते, आणि पुढच्या वर्गात गेल्यावर पुन्हा विचार होतो. आजारपणामुळं परीक्षा देता आली नाही तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पुरावे प्राचार्यांना देऊन शिष्यवृत्ती चालू ठेवता येते. म्हणून दवाखान्याचे कागद फेकू नका. पण मधेच शिक्षण सोडणं महागात पडतं. शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षणात दोन वर्षांचा किंवा जास्त खंड पडला तर पात्रता जाते, आणि एका घरातल्या दोनच मुलांना ती मिळते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक अभ्यासक्रम दोनच धरले जातात. शाखा बदलायची, कॉलेज बदलायचं, तर प्रवेश काढण्याआधी शिष्यवृत्तीच्या क्लार्कला विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पाचवी जागा नाजूक आहे, तरी बोलते. ती म्हणजे आलेला पैसा. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. आता घरची परिस्थिती अशी की बियाणं घ्यायचंय, मुकादमाची उचल फिटायचीय, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, आणि मुलीच्या खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते. कुणाचाही हात जाईल. पण त्यातली फी आपली नाही, ती फक्त आपल्या खात्यातून पुढं जाणार आहे. ती खर्च झाली तर कॉलेज बाकी दाखवतं आणि पुढचा हप्ता अडचणीत येतो. घरात खरीच नड असेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या, ते फेडता येतं. मुलीच्या फीला हात लावू नका. फी भरली की पावती घ्या आणि वहीत चिकटवा.

कॉलेजला काय द्यायचं आणि काय नाही, हेही प्रवेशाच्या दिवशीच विचारायचं. शिक्षण शुल्क माफ असलं तरी वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा असू शकतो. आपल्या तुळजापूरचंच उदाहरण घ्या. तिथं टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी इथल्या या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी वर्ग बंद ठेवून आंदोलन केलं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांना आधी जी सूट होती ती काढून, वसतिगृह आणि जेवणाचे पैसे आधी भरा असं सांगितलं गेलं, हा त्यांचा मुद्दा होता. शिष्यवृत्तीचे पैसे यायला महिनोन्महिने लागतात, तोवर गरिबाच्या पोरानं भरायचं कुठून? एवढ्या नावाजलेल्या ठिकाणी हा प्रश्न येतो, तर बाकी ठिकाणीही येणार. म्हणून कोणती फी माफ, कोणती भरायची, हे कागदावर लिहून मागायचं.

बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतर मागास आणि भटक्या विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. यांनाही मार्कांच्या, हजेरीच्या अटी आहेत. आणि तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफीची सवलत मिळते. २०२३ मध्ये राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपले धाराशिव, वाशी आणि लोहारा होते. अशा वर्षी कॉलेजात जाऊन यादीत आपल्या मुलीचं नाव आहे का ते विचारायचं.

लग्नाचाही मुद्दा राहिला. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे, ते तर करायचंच नाही. पण शिकत असताना लग्न झालंच, तरी शिक्षण बंद करायचं कारण नाही. एवढं लक्षात ठेवा, की लग्नानंतर नोकरी नसलेल्या मुलीच्या बाबतीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला नवऱ्याचं उत्पन्न धरतात. आणि आधारवरचं नाव बदलायची घाई करू नका. आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं, यानं अर्ज अडतो. पदवी हातात येईपर्यंत नाव आहे तसंच राहू द्या.

आता हे सगळं एकटीनं लक्षात ठेवायचं म्हटलं तर कठीण आहे. म्हणून हे गटाचं काम आहे. आपल्या दशसूत्रीत बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, हिशोब हे आहेच. त्यातच शिक्षणाची जागरूकता आणि सरकारी योजनांचा लाभ ही दोन सूत्रंही आहेत. ती दोन आपण नुसती म्हणतो. त्यांना कामाला लावू या.

प्रत्येक गटानं एक शिष्यवृत्ती वही करायची. गटातल्या घरांमधली कॉलेजात जाणारी मुलं किती, त्यांची नावं लिहायची. प्रत्येकाच्या नावापुढं सहा रकाने. उत्पन्नाच्या दाखल्याची शेवटची तारीख. आधारला जोडलेली बँक. आधारचा मोबाईल नंबर कुणाकडं आहे. या वर्षीचा अर्ज भरला का. तो आता कुठं आहे. आणि महिन्याची हजेरी किती. पासवर्ड मात्र या वहीत नको, तो ज्याच्या त्याच्या घरी. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं ही वही वाचायची. एखादीचा दाखला संपत आला तर दोघीतिघींनी मिळून एकाच दिवशी तहसीलला जायचं, गाडीभाडंही वाटलं जातं. अर्ज परत आला तर ज्या घरातली मुलगी कॉम्प्युटर जाणते, तिनं दुसरीला मदत करायची. ऊसतोडीला गेलेल्या घराच्या मुलीकडं गावात राहिलेल्या बाईनं लक्ष ठेवायचं. शिष्यवृत्ती यायला उशीर झाला आणि परीक्षेचा अर्ज भरायला हजार-दीड हजार कमी पडले, तर गटानं ते कर्ज आधी मंजूर करायचं. तेवढ्यासाठी कुणाचं वर्ष वाया जायला नको.

आपण पासबुकात एक रुपया कमीजास्त होऊ देत नाही. अध्यक्ष, सचिव बदलले तरी वही चालू राहते. शिष्यवृत्तीची वही तशीच चालवायची आहे. या महिन्याच्या बैठकीला ती उघडा, आणि पहिला प्रश्न विचारा, "कुणाच्या लेकीचा अर्ज राहिलाय?"